झुलमीराचं आल्येरा

माझ्या तोंडून एकदा एक वाक्य निघून गेलं आणि त्या वाक्यानं एका बाईला तिची आई दुरावली. आज इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी आमच्या घरात श्रीपादखेरीज कुणाला सांगितलेली नाही. ती बाई म्हणजे झुलमीरा.

आम्ही डार्मश्टाटला आलो ते १९६५ च्या मार्चमध्ये. श्रीपादना तिथल्या तांत्रिक विद्यापीठात कागदाच्या शास्त्रात डॉक्टरेट करायची होती. मी पंचवीस वर्षांची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. पुण्यात दोन वर्षं जर्मन शिकले होते, तेवढ्या भांडवलावर मी तिथला संसार थाटला. बेसुंगेन भागात एका जुन्या दुमजली घराच्या तळमजल्यावर आम्हाला एक खोली मिळाली. समोरच्या खोलीत झुलमीरा राहायची, आणि मध्ये दोघींचं मिळून एक स्वयंपाकघर. माळ्यावरच्या एकाच खोलीत घराचे मालक, हेर श्टेर्न. सत्तरीचे, बुटके, घड्याळं दुरुस्त करणारे. अख्खं घर भाड्यानं देऊन ते स्वतः तिथे वर का राहतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

झुलमीरा बेचाळीस वर्षांची होती. रुंद खांदे, काळे कपडे, सोडा आणि गरम पाणी यांनी पांढरे पडलेले हात. एका इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरी धुवायची. जर्मनीला माणसं हवी होती, पोर्तुगालशी करार झाला, आणि पहिल्याच वर्षी आलेल्यांत ही होती. तिची जर्मन माझ्याहून वाईट होती. आम्ही दोघी क्रियापदं गाळून बोलायचो आणि एकमेकींना अगदी नीट समजायचो.

पहिल्याच आठवड्यात ती तव्यावर काहीतरी परतत होती. सगळ्या घरात लसणाचा वास सुटला होता. आठवडाभर उकडलेले बटाटे खाऊन कंटाळलेली मी त्या वासानं खोलीबाहेर आले. घोड्याच्या नालासारखं वाकलेलं, दोन्ही टोकं एकाच दोऱ्यानं बांधलेलं एक जाडजूड सॉसेज तव्यात तडतडत होतं.

"आईनं पाठवलं," ती म्हणाली. "आल्येरा. आल्यो म्हणजे हे." आणि तिनं लसणाचा गड्डा उचलून दाखवला. "खा."

आम्ही सारस्वत. मासे खाणारे, कोंबडीलाही श्रीपादांची ना नव्हती. पण डुक्कर आणि गाय या दोन गोष्टी मी सासूबाईंना शब्द देऊन सोडल्या होत्या. मी हात मागे घेत विचारलं, "डुक्कर?"

"नाइन, नाइन! डुक्कर नाही. कोंबडी, ससा, पाव, लसूण, तेल, लाल मिरचीची पूड. आमच्या घरात डुक्कर नाही घालत."

"आणि हे वरचं?"

"आतडं? बैलाचं." तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग सुरीनं सॉसेज उभं चिरलं, आतलं सारण चमच्यानं काढून माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात परतलं आणि कातडं स्वतःच्या ताटात घेतलं. भिजवलेल्या पावाचं ते मऊ, धुरकट, तिखटसर सारण मी भाताबरोबर खाल्लं. त्या देशात आल्यावर पहिल्यांदा माझं पोट भरलं.

त्यानंतर आमची गट्टी जमली. संध्याकाळी ती बटाटे सोलता सोलता गावाबद्दल सांगायची. पोर्तुगालच्या ईशान्येला, डोंगरापलीकडचा मुलूख. दगडी घरं, चेस्टनटची झाडं, ऑलिव्हचं तेल. नवरा खाणीत कामाला होता. छातीत धूळ साचून चाळिशीच्या आत गेला. मूलबाळ नाही. मागे फक्त आई, पेर्पेतुआ नावाची. हिवाळा लागला की आई चुलीवरच्या दांड्यांवर आल्येराच्या माळा टांगायची आणि आठवडाभर त्यांना ओकच्या लाकडाची मंद धुरी द्यायची. गावात सगळ्यांच्याच घरी सॉसेज टांगलेली असत. शेजाऱ्यांकडे डुकराची, यांच्याकडे ही.

"पण तुमच्याकडेच डुक्कर का नाही?" मी एकदा विचारलं.

"आजीला आवडत नसे. पणजीलाही. पोटाला बाधायचं म्हणे." तिनं खांदे उडवले. "आमचं पोटच तसलं."

महिन्यातून एकदा आईचं पत्र यायचं. आईला लिहितावाचता येत नव्हतं. गावातले पाद्री लिहून द्यायचे, आणि झुलमीराची पत्रंही तेच वाचून दाखवायचे. म्हणून प्रत्येक पत्र देवाच्या कृपेनं सुरू व्हायचं आणि देवाच्या कृपेनंच संपायचं. मधल्या दोन ओळी आईच्या. 'कोंबड्या अंडी देत नाहीत. गुडघा दुखतो. अंगभर लोकर घाल.' झुलमीरा त्या दोन ओळी पुन्हापुन्हा वाचायची.

१९६६ च्या डिसेंबरात तिला स्वतः आल्येरा करायची हुक्की आली. हेर श्टेर्नच्या बागेत एक लाकडी खोपट होतं, त्यात जुनी शेगडी होती. ती वापरू का म्हणून विचारायला ती वर गेली आणि अर्ध्या तासानं आश्चर्यानं डोळे विस्फारून खाली आली. "म्हातारा पोर्तुगीज बोलतो!" दोन वर्षं ती त्यांच्याशी मोडक्या जर्मनमध्ये बोलत होती, आणि ते ऐकून घेत होते. युद्धाची सतरा वर्षं त्यांनी ब्राझीलमध्ये काढली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. युद्ध सहाच वर्षं चाललं, पण त्यांची सतरा झाली.

दोन दिवस आम्ही दोघी राबलो. कोंबड्या उकडल्या, शिळा पाव पातळ कापून त्या रश्श्यात भिजवला, मांस बोटांनी सोडवलं, तेलात मिरचीची पूड तापवून वरून ओतली. तिचे हात त्या गरम लगद्यात कोपरापर्यंत जायचे आणि ती गुणगुणायची. मग माळा खोपटात चढल्या. बीचच्या लाकडाचा धूर कुंपणावरून पलीकडे गेला तेव्हा शेजारच्या फ्राऊ केस्लर डोकवायला आल्या. दारातून टांगलेली सॉसेज बघून त्यांचा चेहरा खुलला.

"आख, वुर्स्ट! बघा, आता तुम्ही अगदी आमच्यातल्या झालात." आणि मागे उभ्या असलेल्या हेर श्टेर्नकडे वळून त्या हसल्या, "होय की नाही हेर श्टेर्न? घरात सॉसेज टांगलेली असली की शेजाऱ्यांना बरं वाटतं."

हेर श्टेर्ननी टोपीला हात लावला. फ्राऊ केस्लर गेल्यावर त्यांनी झुलमीराला पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं. तिनं बोटांवर मोजत उत्तर दिलं. कोंबडी, ससा, पाव एवढे शब्द मला कळले. त्यांनी आणखी काही विचारलं. ती हसून पोटावर हात ठेवून म्हणाली, तेच, आमचं पोट. ते बराच वेळ त्या माळांकडे पाहत राहिले. मग वर निघून गेले, आणि पुढचे दोन दिवस खाली उतरले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना सूप घेऊन वर गेले. खिडकीपाशी टेबल, त्यावर उघडी घड्याळं, आणि भिंतीवर एकच फोटो. एक बाई आणि आठनऊ वर्षांची मुलगी. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ते म्हणाले, "झेल्मा आणि रूथ. मी पुढे गेलो, लिस्बनमार्गे ब्राझीलला. त्यांचे कागद मागून येणार होते. आले नाहीत. बेचाळीस साली याच शहरातून त्यांना गाडीत घालून नेलं."

खालच्या खोल्यांत ते का राहत नाहीत, ते मला तेव्हा उमगलं. श्टेर्न हे नाव ज्यू असतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"बसा, फ्राऊ केंकरे. तुम्हाला एक विचारतो. झुलमीरा शुक्रवारी संध्याकाळी झाडूच्या कपाटात दिवा लावते, पाहिलंय तुम्ही?"

पाहिलं होतं. पत्र्याच्या बादलीत वात पेटवून ती बादली कपाटात ठेवायची आणि दार ओढून घ्यायची. मी समजले, पोर्तुगालकडची काहीतरी पद्धत.

"मी घर पेटेल म्हणून रागवायला गेलो होतो," ते म्हणाले. "तिनं सांगितलं, आई मडक्यात लावते, बाहेरून दिसू नये म्हणून. का दिसू नये? तिला माहीत नाही."

मग त्यांनी मला सांगितलं. पोर्तुगालच्या एका राजानं साडेचारशे वर्षांपूर्वी झाडून सगळ्या ज्यूंना ख्रिस्ती व्हायला लावलं. वरून झाले, आतून कित्येक राहिले. त्यांना हुडकून काढायला धर्माधिकारी होते, आणि हुडकायची खूण म्हणजे घर. शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, धुराडं थंड आहे का, आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, दिवा लागतो का, हिवाळ्यात चुलीवर सॉसेज टांगलेली आहेत का. ज्यूंना डुक्कर वर्ज्य; ज्याच्या घरी डुकराची माळ नाही त्याच्याकडे बोट जायचं. म्हणून म्हणे त्या डोंगराळ मुलखातल्या लोकांनी पावाची आणि कोंबडीची सॉसेज केली. लांबून हुबेहूब तशीच. शेजारी बघायचे आणि पुढे जायचे.

"हे खरं आहे?" मी विचारलं.

"लोक असं सांगतात. ब्राझीलमध्ये माझा एक दोस्त त्याच भागातला होता, त्याच्याकडून ऐकलं. कागदावरचा पुरावा मी पाहिलेला नाही. गरिबाघरी उरलासुरला पाव संपवायलाही कुणी असली सॉसेज करील. पण नुसतं सॉसेज नाही. सॉसेज आहे, आणि बादलीतला दिवाही आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिला सांगू नका. वचन द्या. तिच्या माणसांनी हे लपवायला इतकी वर्षं घालवली की शेवटी ती स्वतःच विसरली. ती रविवारी चर्चला जाते, तिला बरं वाटतं. कशाला? ज्यांना माहीत होतं त्यांचं काय झालं, ते मी बघितलंय."

मी वचन दिलं. पाच महिने पाळलंही.

आता माझ्या चुकीकडे येते. मेमधला शुक्रवार होता. झुलमीरा कामावरून आली, हात धुतले, बादली काढली आणि वात पेटवली. मी कांदा चिरत होते. सहज विचारलं, "हा दिवा कुणासाठी गं?"

"गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी. आई लावते."

आमचं कुलदैवत गोव्यातलं. पोर्तुगिजांच्या छळाला भिऊन आमचे पूर्वज देव पाठीला बांधून खाडी ओलांडून पळाले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या घरात ती अभिमानानं सांगायची गोष्ट होती. त्या क्षणी मला वाटलं, ही आणि मी एकाच गावच्या. तिच्या पूर्वजांना आणि माझ्या पूर्वजांना छळणारे एकच. आनंदानं भरून येऊन मी बोलून गेले, "अगं, तुझे पूर्वज ज्यू होते! हेर श्टेर्ननी मला सगळं सांगितलंय. तो दिवा, तुझं आल्येरा, सगळं त्यातलंच."

ती आधी हसली. मी गंमत करते असं तिला वाटलं. मग हसायची थांबली.

"कोण?"

"तुझ्या आजीचे, पणजीचे..."

तिनं दोन बोटांनी वात चिमटली. बादली नळाखाली धरून खसाखसा घासली, पालथी घातली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. विझलेल्या वातीचा वास स्वयंपाकघरात कितीतरी वेळ राहिला. मी श्रीपादना सांगितलं तेव्हा ते वही मिटून म्हणाले, "सुलेखा, ते तुझं नव्हतं सांगायचं." मला ते माहीतच होतं.

दोन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. चर्चला मात्र रोज पहाटे जायला लागली. नंतर एका रविवारी ती वर गेली आणि खूप वेळानं खाली आली. डोळे सुजलेले. हेर श्टेर्न जिन्यात उभे होते. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "तुम्ही तरुण आहात, फ्राऊ केंकरे." रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून झुलमीराला एकच ध्यास लागला. आईला विचारायचं. पण विचारणार कसं? पत्र पाद्रीबुवा वाचणार. "मी लिहू काय?" ती मला म्हणाली, "'आई, आपण कोण आहोत?' आणि ते फादरनी मोठ्यानं वाचायचं?" पूर्वी ज्या पत्रांनी तिला धीर यायचा, ती आता तिला कोंडल्यासारखी वाटायला लागली. तिनं सहा महिने रजा साठवली आणि ख्रिसमसला गावी निघाली. पॅरिस, मग स्पेन, मग डोंगरातली छोटी गाडी, असा तीन दिवसांचा प्रवास. जाताना आईसाठी लोकरीचे दोन मोजे आणि कॉफीचा डबा घेतला. आम्ही तिला स्टेशनवर सोडून आलो. ती खूप दिवसांनी हसत होती.

जानेवारीत परत आली ती वेगळीच. ट्रंक न उघडता स्वयंपाकघरात बसली आणि कोट अंगावर तसाच ठेवून तिनं मला जे झालं ते सांगितलं.

गावी पोचली तेव्हा आई आल्येरासाठी पाव मळत होती. झुलमीरा शेजारी बसली, बाह्या सरसावल्या, हात घातले. दोघी पहिल्यासारख्या बोलत होत्या. मग हिनं हळूच विचारलं, "आई, आपण ज्यू आहोत का?"

आईचे हात थांबले. तिनं 'कुणी सांगितलं' असं विचारलं नाही. तिनं विचारलं, "कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. तिथला एक म्हातारा, आणि एक हिंदू बाई."

आई उठली. खिडकी लावली. दाराला अडसर घातला. शहात्तर वर्षांची बाई, गुडघे धरून चालणारी. परत येऊन बसली नाही. "आपल्या घरात कधी काही नव्हतं," एवढंच बोलली. "तिकडे तुझं डोकं फिरवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजाऱ्याकडे गेली. त्यांनी त्याच आठवड्यात डुक्कर मारलं होतं. त्यांच्याकडून मोठा तुकडा घेऊन आली आणि गल्लीतल्या चार बायांना हाक मारली, या गं, हात लावा, यंदा मला एकटीला होत नाही. त्या बायांच्या देखत तिनं डुकराचं मांस कापलं, मिरची-लसूण लावून आतड्यात भरलं आणि ती माळ दाराच्या अगदी समोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी टांगली. एक तुकडा निखाऱ्यावर भाजला आणि उभ्या उभ्या सगळ्यांसमोर खाल्ला.

"हसत होती," झुलमीरा म्हणाली. "बायका गेल्या तशी घरामागे गेली आणि ओकली. मी कपाळ धरायला गेले, लहानपणी ती माझं धरायची तसं. तिनं माझा हात झिडकारला."

पुढचे आठ दिवस आई तिच्याशी फक्त लोकांसमोर बोलली. निघताना झुलमीरानं मिठी मारली तेव्हा तिच्या कानाशी म्हणाली, "तिकडेच राहा. पत्र घालू नकोस. फादर वाचतात."

हे सांगून झाल्यावर तिनं कोट काढला, खुंटीला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी आई मला घाबरते, सुलेखा. मला."

मी तिची ट्रंक उचलून तिच्या खोलीत नेऊन ठेवली.

ती पत्रं घालतच राहिली. फक्त हवेबद्दल लिहायची. बर्फ पडलं, बर्फ वितळलं, चेरी फुलली. कुणी वाचलं तरी चालेल असं. उत्तर नाही. एप्रिलमध्ये पाद्रीबुवांचं कार्ड आलं. 'तुमच्या आईची प्रकृती ठीक आहे. तिला काही कळवायचं नाही असं ती म्हणते.' ते कार्ड तिनं मला दाखवलं आणि माझ्याच हातात सोडून निघून गेली. त्यानंतर शुक्रवारचा दिवा तिनं पुन्हा कधी लावला नाही. चर्चला जायची, पण मागच्या बाकावर बसून लवकर उठायची. म्हणाली, "तिथे बसले की वाटतं सगळे माझ्याकडे बघतायत. आणि कुणीच बघत नसतं."

१९६८ च्या ऑक्टोबरात एक जाड पाकीट आलं. अक्षर अनोळखी. पोर्तो शहरात तिची एक मावसबहीण होती, देओलिंदा. तिचं पत्र. जिन्याच्या पायरीवर बसूनच झुलमीरानं ते वाचलं. मी दारात उभी होते. पहिल्याच ओळीशी तिचा चेहरा मिटला. आई गेली होती. पुरूनही झालं होतं.

काही वेळानं ती स्वयंपाकघरात आली आणि पत्र टेबलावर सपाट करून, एकेक ओळ थांबत थांबत मला जर्मनमध्ये सांगू लागली. तिला कुणाला तरी ते ऐकवायचंच होतं. देओलिंदा शेवटचे चार दिवस तिथे होती. तिनं लिहिलं होतं, मावशीला शेवटी फार भ्रम झाला. बोलत कुणाशी नव्हती. आदल्या संध्याकाळी मात्र तिनं मला जवळ बोलावून घरातल्या सगळ्या घागरी, हंडे अंगणात ओतायला लावले. थेंबभर पाणी घरात ठेवू नको म्हणाली.

झुलमीरा तिथे थांबली. "झरा किती लांब आहे, तुला कल्पना नाही. पाणी कुणी ओतत नाही आमच्याकडे."

पुढे लिहिलं होतं, फादर शेवटच्या संस्काराचं तेल लावायला आले, पण मावशी भिंतीकडे तोंड करून पडली होती. किती सांगितलं तरी वळली नाही. तशीच गेली. म्हातारपणी माणसाचं काय होईल सांगता येत नाही.

मी वर जाऊन हेर श्टेर्नना बोलावून आणलं. त्यांनी उभ्यानंच पत्र वाचलं. ते दोन परिच्छेद दोनदा वाचले. मग खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली. घरात, स्वयंपाकघरात. आणि मलाही समजावं म्हणून बहुधा जर्मनमध्ये बोलले.

"आमच्यात घरातलं माणूस जातं तेव्हा साठवलेलं पाणी ओतून टाकायची जुनी चाल आहे. आणि पोर्तुगालच्या लपलेल्या ज्यूंमध्ये भिंतीकडे तोंड करून प्राण सोडायची रीत होती. धर्माधिकाऱ्यांच्या यादीत दोन्ही खुणा होत्या."

झुलमीरानं पत्र आपल्याकडे ओढलं. "म्हणजे आईला माहीत होतं."

"हो."

"पहिल्यापासून."

"हो."

"मग मला का नाही..." ती थांबली. पत्रावर तळहात ठेवला. "देओलिंदा मला लिहील हे तिला ठाऊक होतं. देओलिंदाला यातलं काही कळत नाही, हेही. पाणी माझ्यासाठी ओतलं का तिनं? हे माझं उत्तर आहे का?"

"मला माहीत नाही," हेर श्टेर्न म्हणाले. "खरंच माहीत नाही, झुलमीरा."

तेव्हा ती रडली. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून, आवाज न करता.

हेर श्टेर्ननी पत्रातली आई गेल्याची तारीख पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. सव्वीस. तीस दिवसांच्या आत बातमी कळली तर सात दिवस जमिनीलगत बसून सुतक पाळायचं असतं, ते म्हणाले. वर जाऊन दोन बुटकी स्टुलं घेऊन आले. एक तिच्यासाठी ठेवलं. दुसऱ्यावर स्वतः बसले.

"तुम्ही का?" मी विचारलं.

"मला तर कुणी तारीखच कळवली नाही," ते म्हणाले. "म्हणून मी कधी बसलोच नाही."

सात दिवस झुलमीरा धुलाईघरातून येऊन त्या स्टुलावर बसायची आणि तिच्या शेजारी तो म्हातारा. फारसं बोलत नसत. कधी ती आईचं काही सांगायची, कधी ते रूथचं. ती डावखुरी होती, घड्याळाची टिकटिक ऐकल्याशिवाय झोपत नसे, असलं काही. आमच्याकडे ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटत नाही, शेजारी अन्न नेऊन देतात. मला दुसरं काय करता येणार होतं? मी रोज भात आणि जर्मन दुकानात मिळणाऱ्या तपकिरी मसुरीचं वरण करून दोघांपुढे ठेवत होते. पहिल्या दिवशी हेर श्टेर्ननी ताटाकडे पाहून विचारलं, "मसूर. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. घरात तेवढंच होतं."

"आमच्यात दुःखाच्या घरी मसूरच देतात," ते म्हणाले आणि खाली मान घालून जेवू लागले.

आठव्या दिवशी त्यांनी स्टुलं वर नेली. पुढच्या उन्हाळ्यात श्रीपादांना पदवी मिळाली आणि आम्ही परत निघालो. निघायच्या आदल्या दुपारी झुलमीरा मला सामान बांधायला मदत करत होती. चादरीच्या घड्या तिच्यासारख्या कुणाला येत नसत. दोन वर्षं जे ओठांवर येऊन परत जात होतं, ते मी अखेर बोलले.

"झुलमीरा, माझी चूक झाली. मी बोलले नसते तर तुझी आई तुझ्याशी शेवटपर्यंत बोलली असती."

तिनं घडी पुरी केली, कोपरे जुळवले.

"जा," ती म्हणाली. जर्मनमधला 'जा', म्हणजे हो. मग पुढची चादर उचलून, "पण मग ती कोण होती, ते मला कधी कळलं नसतं. दोन्हींतलं काय बरं, ते मी ठरवू शकत नाही. तू मला विचारू नकोस. आणि तूही ठरवू नकोस."

तिनं मला माफ केलं की नाही, हे मला त्यातून कळलं नाही. तिलाही ते ठाऊक होतं असं मला वाटत नाही. पण ट्रंकेचं झाकण बसेना तेव्हा ती त्यावर बसली, आणि कड्या मी लावल्या.

मी पुण्याहून पत्रं लिहीत राहिले. तिची उत्तरं चार ओळींची असायची. हेर श्टेर्नचं जेवण आता ती करते, त्यांचे डोळे अधू झालेत, घड्याळं बंद केली. गावी ती परत गेली नाही. आईचं घर तिनं देओलिंदाला देऊन टाकलं. आईच्या कबरीवर दगडी क्रूस बसवलाय असं देओलिंदानं कळवलं होतं. झुलमीरानं तो कधी पाहिला नाही.